नुसतं तोंड हलव

दर जूनमध्ये पालिकेकडून मला एक फॉर्म येतो. शाळेच्या गायनवृंदामुळे विद्यार्थ्यांना काय फायदा झाला, असा प्रश्न असतो आणि त्याखाली तीन ओळी आखलेल्या असतात. मी, हेल्वे ओया, या तळ्याकाठच्या गावातल्या हायस्कुलात एकतीस वर्षं गाणं शिकवते आहे आणि तितकीच वर्षं त्या तीन ओळी भरते आहे. शिस्त वाढली. श्वास सुधारला. अमुक मुलगा गणितात पाचांपैकी तीनवरून पाचावर गेला. पालिकेला एवढंच पुरतं. शिवाय तिथे बसून हे फॉर्म वाचणारा माणूस माझा जुना विद्यार्थी, वृंदातला टेनर, म्हणजे मुलांतला वरचा आवाज आहे, त्यामुळे तो फार खोलात शिरत नाही.

एका वर्षी त्या ओळींत मी इम्रे सारापूचं नाव लिहिलं. त्याची मला अजून लाज वाटते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मुली आमच्याकडे आपल्या पायांनी येतात. मुलगे पकडून आणावे लागतात. मिश्र वृंदाला खालचे आवाज लागतात आणि खालचे आवाज असलेली मुलं बास्केटबॉल खेळतात. म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शाळेच्या खाणावळीत पॅनकेक असतात त्या दिवशी, मी दारात उभी राहते.

"हेल्वेबाई, जेवताना तरी सोडा हो पोरांना," मुख्याध्यापक वाम्बोला दरवर्षी म्हणतात.

"जेवताना पळत नाहीत, सर," मी दरवर्षी सांगते.

दहावीतला इम्रे असाच सापडला. उंच, खांदे पुढे पडलेले, ताटाकडे बघत खाणारा. गावापासून सात किलोमीटरवरच्या शेतघरात आजोबांबरोबर राहायचा. आई फिनलंडमध्ये इस्पितळात साफसफाईच्या कामाला होती, ती नाताळात आणि जूनमधल्या मिडसमरच्या सणाला यायची. आजोबा दिवसातून चार वाक्यं बोलत आणि त्यातली दोन कुत्र्याशी असत.

मी त्याला पियानोशेजारी उभं केलं आणि 'आ' लावायला सांगितलं. त्याने लावला. तो वर सुरू झाला, मध्ये फाटला आणि तळघरात जाऊन पडला. सोळाव्या वर्षी आवाज फुटणं म्हणजे जरा उशीरच, पण आमच्या भागात टोमॅटोही उशिरा पिकतात.

"गळ्यावर जोर देऊ नकोस," मी म्हणाले. "खर्जाच्या ओळीत उभा राहा. सगळं पाठ कर, सगळ्यांबरोबर श्वास घे, पण गाऊ नकोस. नुसतं तोंड हलव. सुरू कधी करायचं ते मी सांगेन."

"बरं बाई," इम्रे म्हणाला.

यात वावगं काही नाही. आवाज फुटलेल्या मुलांना मी असंच उभं करते आणि वसंतात एकेकाला परत ऐकते. त्या वर्षी अशी तीन मुलं होती. मात्र मार्चमध्ये मी टपाल कचेरीच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरले, घोटा मोडला आणि मे उजाडेपर्यंत घरी बसले. परत आल्यावर त्यातल्या दोघांनी स्वतःच विचारलं, "बाई, आता गाऊ का?" इम्रेने विचारलं नाही. मीही मोजलं नाही.

पुढच्या वर्षापासून तो माझा आदर्श विद्यार्थी झाला. तालमीला सगळ्यांत आधी यायचा, खुर्च्या मांडायचा, स्वरलिपीच्या कागदाकडे कधी बघायचा नाही. डोळे माझ्या हातावर. श्वास पोटातून. तोंड असं उघडायचा की आत दोन बोटं उभी राहतील. मी इतरांना थांबवून म्हणायचे, "इम्रेकडे बघा. गाणं कसं दिसतं ते बघा." सगळे मान वळवून बघत आणि इम्रे लाल होई. त्याला संकोच वाटतो आहे, असं मी धरून चालले होते.

त्याचे खांदे वर आले. गणितात तो तीनवरून खरोखरच पाचावर गेला. बारावीच्या सुरुवातीला तर बसथांब्यावर मुलींशी बोलताना दिसला. मी फॉर्ममध्ये लिहिलं ते सगळं खरं होतं. अकरावीच्या नाताळाला चर्चमध्ये आमचा कार्यक्रम झाला, तेव्हा त्याची आई रुथ आली होती. कार्यक्रम संपल्यावर तिने माझे दोन्ही हात धरले.

"बाई, एवढ्या सगळ्यांत मला त्याचाच आवाज ओळखू आला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी म्हणाले, "हो, घडतोय मुलगा."

बारावीच्या जुलैमध्ये राजधानीत, ताल्लिनला, गीतोत्सव होता. तिथे पायऱ्यापायऱ्यांच्या मंचावर, भल्या मोठ्या कमानीखाली, वीस हजार माणसं एकदम गातात. आमच्याकडे लहान मूल पहिल्यांदा कधी चाललं हे आई विसरेल, पण गीतोत्सवाला पहिल्यांदा कधी गेलं ते विसरत नाही. मात्र तिथे उगाच जाऊन उभं राहता येत नाही. आधी निवड चाचणी द्यावी लागते. परीक्षकांनी नापास केलं की घरी बसून टीव्हीवर बघायचं आणि पुढच्या वेळेची वाट पाहायची, आणि पुढच्या वेळी ही मुलं शाळेत नसणार. आम्ही दोन वर्षं त्याच सहा गाण्यांवर घासत होतो. मुलींनी आज्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे घागरे उसवून मापाचे करून घेतले होते. वाम्बोलांनी बसचे पैसेही मंजूर केले होते आणि हे त्यांच्या बाबतीत लग्नाच्या मागणीइतकं गंभीर असतं.

चाचणी मार्चमध्ये होती, जिल्ह्याच्या गावी, सांस्कृतिक भवनात. सकाळी बस सुटल्यावर टानेल माझ्या शेजारी येऊन बसला. टानेल म्हणजे माझ्या खर्जाचा खांब. ओळीत चार मुलं, त्यातला हा एकटा भिंती हलवायचा. आज गळ्याला आईचा मफलर होता आणि तोंडाला लसणाचा वास.

"बाई, आवाज गेलाय," तो कुजबुजला.

"कधी?"

"काल."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"वाटलं, येईल परत."

मी खिडकीबाहेर बघितलं. शेतात अजून बर्फ होतं आणि त्यावर एक करकोचा वेळेआधी येऊन पस्तावल्यासारखा उभा होता. "असू दे," मी म्हणाले. "तू गेलास तरी तिघं आहेत."

"दोघं."

"तिघं. इम्रे आहे ना."

टानेलने मफलर खाली ओढला. "बाई, इम्रे गात नाही."

"आज?"

"कधीच."

बस एका खड्ड्यातून गेली. मागे मुली आवाज मोकळा करत होत्या.

"टानेल, तू अडीच वर्षं त्याच्या शेजारी उभा आहेस."

"हो."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"मला वाटलं, त्याला तसंच आवडतं. त्याचं त्याला माहीत."

आमची माणसं अशीच आहेत. शेजारच्या घरातून धूर निघाला तर सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, पेटवली असेल म्हणतील आणि पडदा ओढून घेतील. मी उठले आणि मागे गेले. इम्रे शेवटच्या बाकावर डबा उघडून बसला होता. काळ्या पावावर धुरावलेला मासा होता.

"इम्रे, तू गातोस का?"

"नाही बाई."

"का नाही?"

"तुम्ही सांगितलं होतं. दहावीत. नुसतं तोंड हलव, सुरू कधी करायचं ते मी सांगेन."

"मग?"

"मग सांगितलं नाहीत."

मला राग आला. आधी त्याचा आला, मग टानेलचा, आणि उरला तो सगळा माझा. अडीच वर्षं माझ्या हातापासून चार मीटरवर एक मुलगा गप्प उभा होता आणि मी इतरांना त्याचं गाणं दाखवत होते. एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आले की माझ्या कानाला सुईएवढा बेसूरही टोचतो. न येणारा आवाज मात्र टोचला नव्हता.

"तुझा आवाज आता कसा आहे?"

"माहीत नाही बाई."

"घरी कधी गाऊन बघितलं नाहीस?"

"घरी आजोबा असतात."

यापुढे मी जे केलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. परीक्षकांसमोर उभं राहायला पाऊण तास होता. अठ्ठावीस मुलांची दोन वर्षं पणाला लागली होती. त्यात कुणीच न ऐकलेला, मालकानेही न ऐकलेला आवाज सोडायची मला भीती वाटली.

"मग आज तसंच राहू दे," मी म्हणाले. "नुसतं तोंड हलव."

"बरं बाई," इम्रे म्हणाला. त्याने हातातला पाव डब्यात परत ठेवला आणि झाकण लावलं.

सभागृहात तीन परीक्षक होते. मध्ये पांढऱ्या केसांच्या एक बाई, चष्मा दोरीला बांधलेला. आम्ही पहिलं गाणं म्हटलं. वरचे आवाज छान लागले. खर्जात दोन मुलं जीव मुठीत धरून गात होती, ती मला ऐकू येत होती, पण तिसऱ्या रांगेपलीकडे येत असतील की नाही शंका होती. टानेल घामाघूम होऊन ओठ हलवत होता. म्हणजे त्या दिवशी माझ्या वृंदात तोंड हलवणारे दोन होते, आणि त्यातला एक तरबेज होता.

दुसरं गाणं झालं. परीक्षकांनी डोकी जवळ आणली. मग पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, "खालची ओळ आम्हाला नीट कळत नाहीये. चौघांना ऐकू या. प्रत्येक आवाजातला एकेक." त्यांनी पेन्सिलीने पुढच्या रांगेतली एक मुलगी दाखवली, मग मुलींतल्या खालच्या आवाजाची एक आल्टो, मग एक टेनर. मग पेन्सिल वर गेली. "आणि तो मागचा उंच मुलगा. किती सुंदर गातो आहे तो. मी मघापासून त्याच्याकडेच बघते आहे."

टानेलला खोकला आला.

इम्रे पुढे येऊन उभा राहिला. नेहमीसारखा ताठ, डोळे माझ्या हातावर. मला सांगता आलं असतं की या मुलाला बरं नाही, दुसरा घ्या. वाक्य तोंडात तयार होतं. पण त्याचा चेहरा बघितला आणि कळलं की हा थांबला आहे. दहावीतल्या सप्टेंबरपासून थांबला आहे. मी आत्ता याला परत रांगेत पाठवलं तर तो बरं बाई म्हणेल आणि जाईल.

मी त्याच्याकडे बघून म्हणाले, "इम्रे, आता सुरू कर."

परीक्षकांना वाटलं असेल, ही या बाईंची बोलायची रीत असेल.

त्या गाण्यात मुली सुरुवात करतात आणि खर्ज चार मात्रांनंतर येतो. त्या चार मात्रांत मी एकतीस वर्षांत केला नसेल एवढा देवाचा धावा केला, आणि मी चर्चला फक्त कार्यक्रमापुरती जाते. चौथ्या मात्रेला मी डावा हात दिला. त्याने श्वास घेतला आणि तो गायला लागला.

आवाज कसा होता म्हणून विचाराल तर मला सांगता येणार नाही. मी आवाज ऐकतच नव्हते, मी चूक ऐकत होते. चूक आली नाही. त्याला प्रत्येक शब्द येत होता, कुठे थांबायचं ते येत होतं, कुठे मुलींना वाट द्यायची ते येत होतं. हे सगळं तो मंगळवार-गुरुवारच्या तालमींत करत आला होता. फक्त त्यात आवाज घालायचा राहिला होता.

आम्ही पास झालो. शेरा होता: खालची ओळ पातळ आहे, पण समज चांगली. बसमध्ये मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या, दहीवड्या वाटल्या, म्हणजे आमच्या त्या चॉकलेट लावलेल्या गोड दह्याच्या वड्या. टानेलने आवाज नसताना आरडाओरडा केला. इम्रेने डबा उघडून सकाळचा पाव खाल्ला. त्याचं खाणं होईपर्यंत मी थांबले आणि मग त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"विचारायचं होतंस एकदा," मी म्हणाले.

"पहिल्या वर्षी वाट बघितली. नंतर मुद्दामच विचारलं नाही."

"का?"

"विचारलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं. आवाज वाईट निघाला असता तर जा म्हणाला असतात." तो समोरच्या बाकाकडे बघत बोलत होता. एका दमात एवढं बोललेला मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होते. "घरी आवाज नसतो, बाई. तिथे मी मधे उभा असायचो आणि चारी बाजूंनी आवाज असायचा. मला तेवढं पुरे होतं."

मी कुणाला घालवत नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण मागच्याच वर्षी मी दोन मुलींना घालवलं होतं, आणि त्यांच्या खुर्च्या उचलून भिंतीला लावणारा इम्रेच होता.

"माझं चुकलं, इम्रे."

"हो बाई," तो म्हणाला. मग डब्याचं झाकण लावत म्हणाला, "आईला सांगू नका. नाताळात तिला माझा आवाज ओळखू आला होता."

त्यानंतर तो गायला लागला. आवाज साधाच निघाला. जरा जाड, जरा मागे राहणारा, पण पक्का. मी त्या दोन मुलींच्या घरी फोन केले. एक परत आली. दुसरी म्हणाली, आता तिने घोडेस्वारी धरली आहे. जूनमध्ये पालिकेचा फॉर्म आला तेव्हा मी एकच ओळ लिहिली: इम्रे सारापू गातो.

पालिकेतून माझ्या जुन्या टेनरचा फोन आला. "बाई, दोन ओळी रिकाम्या राहिल्यात."

"त्यात मागच्या वर्षीच्या घाल," मी म्हणाले.

जुलैत ताल्लिनला पाऊस होता. गीतोत्सवाला असतोच. वीस हजार गाणारे आपापल्या गावच्या पोशाखांवर प्लॅस्टिकचे झगे चढवून कमानीखाली चढत होते. मुलांचे गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे भिजून घोट्यावर आले होते. इम्रे शिंकला तेव्हा मी त्याला जाता जाता म्हणाले, "घसा जप रे जरा," आणि खाली आल्टोंमध्ये माझ्या जागी जाऊन उभी राहिले. तिथे वृंदांच्या शिक्षकांनाही गावं लागतं.

दोन गाणी झाली. तिसऱ्याला मी मान वळवून वर बघितलं. आठ रांगा वर इम्रे उभा होता. तोंड सुंदर उघडलेलं, दोन बोटं मावतील एवढं, डोळे संचालकावर. अगदी पूर्वीसारखा. घसा जप म्हणाले होते मी. या मुलाला मी घसा जप म्हणाले होते.

मी चढायला लागले. गाणं चालू असताना रांगा ओलांडायच्या नसतात, हे मी स्वतः हजार वेळा मुलांना सांगितलं आहे. पट्टा लावलेल्या एका स्वयंसेवकाने मला अडवलं. "काकू, आल्टो खाली."

"मला माहीत आहे आल्टो कुठे असतात," मी म्हणाले आणि त्याच्या काखेखालून गेले. साठीच्या बाईने ओल्या घागऱ्यात आठ रांगा चढणं शोभत नाही. मी टेनरांच्या पायांवर पाय दिले, कुणाची तरी टोपी पाडली, आणि इम्रेच्या पुढच्या पायरीवर जाऊन, पाठ प्रेक्षकांकडे करून, त्याच्या तोंडासमोर कान नेला.

तो गात होता. जाड, जरा मागे, पक्का. चारी बाजूंनी वीस हजार आवाज होते आणि मधोमध तो एक मला वेगळा ऐकू येत होता. मला रडू आलं. ते मी पुसलं नाही, पाऊस होताच.

कडवं संपलं. पुढचं सुरू व्हायला दोन मात्रा होत्या. "बाई," इम्रे हलकेच म्हणाला, "तुमची जागा खाली आहे."

"मला माहीत आहे," मी म्हणाले आणि शेवटपर्यंत तिथेच उभी राहिले.

कार्यक्रमानंतर गाणाऱ्यांच्या मैदानात सूप वाटत होते. रुथ तिथे आम्हाला शोधत आली. फिनलंडहून सकाळच्या बोटीने आली होती आणि चार तास गवतावर पावसात बसली होती. इम्रे वाट्या आणायला रांगेत गेला, तेव्हा ती माझ्याजवळ सरकली. जरा ओशाळली होती.

"बाई, खरं सांगू का? नाताळात मला त्याचा आवाज लगेच ओळखू आला होता. आज खूप कान दिला. पण एवढ्या लोकांत नाही ओळखू आला."

इम्रे तीन वाट्या सांभाळत परत येत होता. सूप हिंदकळू नये म्हणून तो वाट्यांकडे बघत होता आणि चालता चालता काहीतरी गुणगुणत होता.

"मला आला," मी म्हणाले.